हेझल रोडवरचा चुरा

गुरुवार, १० मे २०१८

लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकातून सुटलेली गाडी डॉनकास्टर, सेल्बी अशी स्थानके घेत ब्रफ ओलांडते आणि मग उजव्या हाताला हंबर नदीचे दूध कमी पडलेल्या चहाच्या रंगाचे रुंद पात्र एकदम उघडे होते. तेथून यॉर्कशर परगण्यातल्या हल शहरापर्यंतचा शेवटचा टप्पा पाण्याच्या कडेकडेने जातो. हेझल गावाजवळ गाडी हंबर पुलाखालून गेली तेव्हा दादा आणि मी दोघेही माना वर करून बसलो होतो. १९८० मध्ये आम्ही हे शहर सोडले त्या वेळी या पुलाचे काम चालू होते. पुढच्याच वर्षी तो वाहतुकीला खुला झाला आणि १९९८ मध्ये जपानचा आकाशी काइक्यो पूल होईपर्यंत, म्हणजे सतरा वर्षे, त्याचा १,४१० मीटरचा मधला गाळा जगातला सर्वांत लांब गाळा होता. आमच्या आठवणीत मात्र तो अजून अपुराच होता, त्यामुळे त्याच्यावरून मोटारी जाताना पाहून काही तरी चुकल्यासारखे वाटले.

बाबा १९७२ मध्ये येथल्या इस्पितळात डॉक्टर म्हणून रुजू झाले. तेव्हा मी पाच वर्षांची होते आणि दादा आठ वर्षांचा. आई वेंगुर्ल्याची असल्यामुळे मासे हा तिच्या दृष्टीने चैनीचा विषय नव्हता, जगण्याचा होता. सोमवार आणि गुरुवार सोडले तर तिच्या ताटात मासा असायचाच. अशा बाईला नवऱ्याने नेले ते नेमके इंग्लंडच्या सर्वांत मोठ्या मासेमारी बंदरांपैकी एका बंदरात, याला आमच्या घरात कायम दैवयोग मानले गेले. फक्त तेथले मासे तिला आधी ओळखता आले नाहीत. दुकानात ते डोके आणि कातडी काढून, पांढऱ्या पट्ट्यांसारखे मांडलेले असत. कल्ला उचलून बघितल्याशिवाय मासा ताजा की शिळा हे माणसाने कसे ठरवायचे, असा तिचा रास्त प्रश्न होता.

पॅरागॉन स्थानकाबाहेर पडताच दुधी रंगाची टेलिफोनची खोकी दिसली. साऱ्या देशात ती लाल, फक्त हलमध्ये दुधी, कारण या शहराचे टेलिफोन खाते पहिल्यापासून नगरपालिकेचे स्वतःचे होते. हॉटेलात सामान टाकून आम्ही रात्री आठ वाजता जवळच्याच एका चिप्सच्या दुकानात गेलो. येथे एक खुलासा केलेला बरा. चिप्स म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वेफर्स येतात. या चिप्स म्हणजे बोटाएवढ्या जाड, बाहेरून सोनेरी आणि आतून उकडलेल्या बटाट्यासारख्या मऊ फोडी. दादाने हॅडॉक मासा मागितला. मी मात्र आईच्या वळणावर गेलेली, अजून दोन्ही वार पाळणारी असल्यामुळे पॅटी मागितली.

पॅटी हा खास हलचा पदार्थ आहे. कुस्करलेल्या बटाट्यात सेज नावाचा सुवासिक पाला घालून त्याची चपटी वडी करतात आणि ती मैद्याच्या पातळ पिठात बुडवून तळतात. आईने ती पहिल्यांदा खाल्ली तेव्हा क्षणभरही न थांबता निकाल दिला होता, की हा मिरची, आले, लसूण आणि हळद विसरलेला बटाटेवडा आहे. पुढे ती घरून हिरव्या मिरचीचा ठेचा लहान बाटलीत घालून न्यायची आणि ब्रेडकेक नावाच्या चपट्या, गोल पावात पॅटी भरून, त्यावर ठेचा लावून खायची. १९७३च्या सुमारास यॉर्कशरमध्ये वडापाव खाणारी ती एकटीच असावी. सोमवार आणि गुरुवार हे आमचे पॅटीचे वार ठरून गेले.

‘‘आज गुरुवार, म्हणून पॅटी,’’ असे मी दादाला म्हणाले तेव्हा त्याने माझ्याकडे जरा विचित्र नजरेने पाहिले आणि काही न बोलता आपल्या माशाचा तुकडा मोडला. त्या वेळी मी त्याच्याकडे फारसे लक्ष दिले नाही.

शुक्रवार, ११ मे

सकाळी पायीच हेझल रोड, म्हणजे हलच्या मासेमारांची जुनी वस्ती, गाठला. आमचे लहानपणीचे चिप्सचे दुकान तेथेच होते. ॲनलबी रोडकडून बुलेव्हार्ड या झाडांच्या रस्त्याने उतरत गेले, की शेवटी कोपऱ्यावर जॉर्ज स्मिथ या तांडेलाचा पुतळा लागतो. १९०४ च्या ऑक्टोबरमध्ये, जपानशी लढायला निघालेल्या रशियन आरमाराने उत्तर समुद्रात रात्रीच्या अंधारात हलच्या मासेमारी बोटींनाच जपानी युद्धनौका समजून त्यांच्यावर तोफा डागल्या आणि त्यात हा स्मिथ मारला गेला. लहानपणी मला यातले काही माहीत नव्हते. ‘पुतळा आला, आता दुकान दोन मिनिटांवर’ एवढाच त्याचा अर्थ होता.

दुकान आता राहिलेले नाही. त्या जागी नखे रंगवून देणारे एक पार्लर आहे. विटांची भिंत तीच, दाराची पायरीही तीच, आणि पायरीच्या डाव्या बाजूला पडलेली झीजसुद्धा ओळखू आली. दादाने त्या झिजेवर बूट ठेवून पाहिला, पण आत जायला आम्ही दोघेही धजलो नाही.

म्हणून जे होते ते येथे नोंदवून ठेवते. दार ढकलले की घंटा वाजायची आणि थंडीतून आत येणाऱ्याच्या चष्म्यावर वाफ धरायची. समोर छातीइतक्या उंचीची, लखलखीत पोलादाची ‘रेंज’ होती, म्हणजे तीन मोठ्या कढया एका रांगेत बसवलेली भट्टी. मधल्या कढईत मासे आणि दोन्ही बाजूंच्या कढयांत चिप्स असत. मालक आधी पिठाचा एक थेंब टाकून बघे. तो तळाला न जाता चर्र करून वर आला, तरच मासा सोडायचा. हॅडॉकचा तुकडा शेपटाकडून धरून तो पिठातून ओढून घ्यायचा, बाजूच्या कडेवर एकदा निपटायचा आणि मग आपल्यापासून दूर, हळूच आडवा कढईत निजवायचा. तो फेकल्याचे मी कधी पाहिले नाही. आईला त्या माणसाबद्दल जो आदर होता तो या एका हालचालीमुळे. ‘‘हात चांगला आहे हो त्याचा,’’ असे ती बाबांना म्हणायची, आणि आमच्या घरात याहून मोठे प्रशस्तिपत्रक नव्हते.

येथे कॉडपेक्षा हॅडॉकला मान आहे. दक्षिणेत आणि लँकशरमध्ये लोक कॉड खातात, हे तेथल्या लोकांचे दुर्दैव आहे असे मालकाचे मत होते आणि ते तो रांगेतल्या कोणालाही ऐकवत असे. मागणी करण्याचीही एक रीत होती. ‘दोन प्लेट’ असे कोणी म्हणत नसे. ‘फिश अँड चिप्स ट्वाइस’ म्हणायचे. मग काउंटरमागच्या बाई विचारायच्या, ‘‘ओपन ऑर रॅप्ड, लव्ह?’’ म्हणजे चालता चालता खाणार की बांधून घरी नेणार. येथे दुकानदारापासून बसवाहकापर्यंत सगळेच सगळ्यांना ‘लव्ह’ म्हणतात, याचा बाबांना पहिले सहा महिने धक्का बसत असे. बांधून हवे असेल तर आधी पांढरा मेणकागद आणि त्यावर आदल्या दिवशीचा ‘हल डेली मेल’. मीठ आणि व्हिनेगर मात्र बांधण्याच्या आधी. ते तपकिरी व्हिनेगर बहुतेक दुकानांत खरे व्हिनेगर नसतेच, रंग दिलेले पातळ ॲसेटिक ॲसिड असते, ही माहिती दादाने पुढे रसायनशास्त्राच्या वर्गात मिळवली आणि आम्हाला ऐकवली. त्यामुळे कोणाचे खाणे थांबले नाही.

काउंटरच्या एका टोकाला हिरव्या मऊ वाटाण्यांचे पातेले असे. वाळलेले मॅरोफॅट वाटाणे रात्रभर सोडा घातलेल्या पाण्यात भिजवायचे आणि सकाळी ते विरघळून जाईपर्यंत शिजवायचे. आईच्या मते ही फोडणीची वाट बघत बसलेली उसळ होती. आणि त्याच टोकाला, काचेच्या कप्प्यात, चुरा. तळताना माशावरून सुटलेले पिठाचे कुरकुरीत कण झाऱ्याने गोळा करून ठेवलेले असत. यॉर्कशरमध्ये त्यांना ‘स्क्रॅप्स’ म्हणतात आणि त्यांचे पैसे घेत नाहीत. शाळेतून येताना खिशात दहा पेन्सही असले तरी थोड्या चिप्स आणि त्यांवर डोंगरभर चुरा मिळत असे. पुढे दादर स्थानकाबाहेरच्या वडापाववाल्याने न मागता माझ्या पावात भज्यांचा चुरा घातला तेव्हा, तेरा वर्षांच्या मला या नव्या शहरात पहिल्यांदा ओळखीचे कोणी तरी भेटले होते.

एक प्रसंग सांगितलाच पाहिजे. आम्ही नवे असताना एकदा आई रांगेत उभी होती आणि तिच्या हातात चुडा होता, हिरवागार. पुढच्या दोन बायका मागे वळून बघत राहिल्या आणि मग त्यांतली एक बाहेर निघून गेली. आईला वाटले, आपला रंग त्यांना खटकला. घरी ती बराच वेळ गप्प होती. काही महिन्यांनी काउंटरमागच्या बाईंनी हसत हसत खुलासा केला, की हेझल रोडवर हिरवा रंग अशुभ मानतात. ज्या घरातला पुरुष समुद्रावर आहे त्या घरात हिरवे काही आणायचे नाही. तो निघाला त्या दिवशी कपडे धुवायचे नाहीत, नाही तर तोही पाण्यात धुवून जाईल. आणि निरोपाचा हात हलवायचा नाही, नाही तर लाट त्याला घेऊन जाईल. आईने हे सगळे अगदी गंभीरपणे ऐकून घेतले. नारळी पौर्णिमेआधी होडी न लोटणाऱ्या गावातून ती आलेली होती. त्यानंतर दुकानात जाताना ती हातमोजे घालू लागली, अगदी जूनमध्येसुद्धा. रंगाच्या कारणाने वाईट वागणूक आम्हाला त्या शहरात कधीच मिळाली नाही असे मी म्हणणार नाही. पण ती वेळ त्यांतली नव्हती.

संध्याकाळी हेझल रोडवरच्या दुसऱ्या दुकानात हॅडॉक खाल्ला. शुक्रवारची रांग अजूनही दाराबाहेर जाते, हे पाहून बरे वाटले. आता चिप्सवर तांबड्या रंगाचे, पॅप्रिका घातलेले मीठ भुरभुरतात. त्याला ‘चिप स्पाइस’ म्हणतात आणि हलवासीयांना त्याचा मोठा अभिमान आहे. आमच्या काळी ते दुकानात नव्हते, त्यामुळे आम्ही दोघांनीही ते परक्यासारखे नाकारले. चव मात्र तीच होती, अगदी तीच. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांत पाणी आले आणि मी ते व्हिनेगरवर ढकलले.

शनिवार, १२ मे

हल नदीत ‘आर्क्टिक कॉर्सेर’ नावाचा १९६० साली बांधलेला ट्रॉलर संग्रहालय म्हणून बांधून ठेवला होता आणि जुने खलाशीच तो हिंडून दाखवत होते. आमच्या वाट्याला आलेले गृहस्थ पंधराव्या वर्षी समुद्रावर गेलेले. त्यांच्या ‘ओ नो’चा उच्चार ‘अर नर’ असा होत होता आणि तो ऐकून दादा शाळकरी मुलासारखा खूश झाला.

तीन आठवड्यांची एक फेरी असे. आइसलँड, नॉर्वेचे उत्तर टोक, श्वेत समुद्र असे जायचे, उघड्या डेकवर बर्फाळ पाण्यात उभे राहून मासे चिरायचे, साफ करायचे, खालच्या कोठीत बर्फाच्या थरांत रचायचे. दोरखंडांवर आणि डोलकाठीवर गोठलेला बर्फ कुऱ्हाडींनी फोडत राहायचा, नाही तर त्याच्या भाराने जहाज कलंडते. परत आल्यावर घरी तीन दिवस, आणि मग पुन्हा तीन आठवडे. त्या तीन दिवसांत खिसा भरलेला असे आणि तो रिकामा करण्याची घाईही असे, म्हणून यांना ‘तीन दिवसांचे लक्षाधीश’ म्हणत. आमच्या दुकानात कधी कधी फिक्या निळ्या रंगाचा, रुंद पायांच्या विजारीचा सूट घातलेला एखादा तरुण रांगेतल्या सगळ्यांचे पैसे देऊन जायचा, तो का, हे मला आज कळले.

माशांची यकृते जहाजावरच उकळून त्यांचे तेल काढत. ‘सेव्हन सीज’ हे नाव आपल्याकडच्या औषधांच्या दुकानांतही ओळखीचे आहे. ते कॉडलिव्हर तेल मूळ याच शहराचे. बाबा आम्हाला रोज सकाळी एक चमचा पाजत आणि आम्ही त्यांचा मनापासून द्वेष करत असू.

१९६८ च्या जानेवारी-फेब्रुवारीत, महिन्याभराच्या आत, हलचे तीन ट्रॉलर एकापाठोपाठ बुडाले आणि ५८ माणसे गेली. तेव्हा मासे सोलण्याचे काम करणाऱ्या लिलियन बिलोका या हेझल रोडवरच्या बाईने इतर खलाशांच्या बायकांना बरोबर घेऊन दहा हजार सह्या गोळा केल्या, बंदरावर जाऊन रेडिओचालक नसलेले जहाज अडवण्याचा प्रयत्न केला आणि लंडनला मंत्र्यांना गाठून सुरक्षेच्या मागण्या मान्य करून घेतल्या. यंदा त्याला पन्नास वर्षे झाली. आम्ही आलो ते त्यानंतर चार वर्षांनी, पण दुकानात ही हकीकत कोणी सांगत नसे. माझी स्वतःची आठवण १९७४ ची आहे. त्या फेब्रुवारीत ‘गॉल’ नावाचे जहाज ३६ माणसांसह बॅरेंट्स समुद्रात नाहीसे झाले. मी सात वर्षांची होते. त्या आठवड्यातल्या एका संध्याकाळी दुकानात नेहमीइतकीच रांग होती आणि कोणीही बोलत नव्हते. फक्त कढईचा आवाज येत होता. बाईंनी ‘‘ओपन ऑर रॅप्ड’’ असे विचारलेसुद्धा नाही, सगळ्यांचे बांधूनच दिले.

मग १९७५ मध्ये सेंट अँड्र्यूज डॉक हा मासेमारीचा धक्का बंद झाला आणि पुढच्या वर्षी आइसलँडने आपल्या भोवतीचा २०० मैलांचा समुद्र राखून ठेवण्याचे भांडण जिंकले. त्या तंट्याला ‘कॉड युद्ध’ म्हणत, आणि ज्या डेकवर आम्ही उभे होतो त्याच जहाजाने एप्रिल १९७६ मध्ये, आपले जाळे तोडू पाहणाऱ्या ‘ओडिन’ या आइसलँडच्या गस्ती नौकेला मागून धडक दिली होती. हे सांगताना त्या गृहस्थांच्या आवाजात ना पश्चात्ताप होता ना फुशारकी. ‘‘ते बरोबर होते म्हणा,’’ ते शेवटी म्हणाले, ‘‘मासा त्यांचाच होता.’’ आमच्या दुकानात त्या उन्हाळ्यात खडूने लिहिलेला भाव तीनदा पुसला गेला. आज हलमध्ये तळला जाणारा हॅडॉक बराचसा आइसलँड आणि नॉर्वेहून येतो, आणि त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही.

रविवार, १३ मे

रविवारी हलमधली बरीच दुकाने बंद असतात, म्हणून भाड्याची मोटार घेऊन व्हिट्बीला गेलो. पिकरिंगनंतरचा माळ अजून तपकिरी होता. हेदरची झुडपे फुलायला ऑगस्ट उजाडतो. व्हिट्बीला बंदर, डोंगरावर पडक्या मठाच्या कमानी, तेथवर जाणाऱ्या १९९ पायऱ्या आणि माणसाच्या हातातले हिसकावून नेणारे समुद्रपक्षी आहेत. पायऱ्या चढलो, उतरलो, दम लागला. त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

धक्क्यावरच्या एका दुकानाबाहेर लांबलचक रांग होती. उभे राहून कंटाळा आल्यावर मी खिडकीतला फलक वाचायला घेतला. त्यात मोठ्या अभिमानाने लिहिले होते, की आम्ही परंपरेला जागून आजही सर्व पदार्थ बीफ ड्रिपिंगमध्येच तळतो. मी तो फलक दोनदा वाचला. मग दादाला विचारले, की ड्रिपिंग म्हणजे नेमके काय. त्याने माझ्याकडे न बघता उत्तर दिले, ‘‘चरबी. गाईबैलांची.’’

‘‘हे इथलं झालं. हलला तर...’’

‘‘सगळ्या यॉर्कशरमध्ये तसंच आहे. तुला खरंच माहीत नव्हतं?’’

रांग सोडून आम्ही बाकावर येऊन बसलो. तेथे दादाने जे सांगितले ते असे. चौदाव्या वर्षी, म्हणजे १९७८ मध्ये, त्याने त्या दुकानात शनिवारचे काम धरले होते, हे घरात सगळ्यांना माहीत होते. बटाटे यंत्रात फिरवून सोलले जात. पण त्यांचे डोळे लहान सुरीने हातानेच काढावे लागत. ते काम त्याच्याकडे होते. आईला त्या कामाचा थोडा कमीपणा वाटला होता आणि बाबांना फार कौतुक. जे कोणाला माहीत नव्हते ते एवढेच, की बटाटे झाल्यावर मागच्या खोलीतून पांढरे, मेणासारखे घट्ट ठोकळे उचलून आणून कढईशेजारी ठेवणे हेही त्याचेच काम होते. ठोकळ्याच्या कागदावर काय लिहिले आहे ते त्याने पहिल्याच शनिवारी वाचले. मालकाला विचारलेही. मालक म्हणाला होता, की तेलात तळलेला मासा ओला लागतो. ड्रिपिंग जास्त तापते आणि पीठ कोरडे, कुरकुरीत होते.

‘‘आणि तू घरी सांगितलं नाहीस.’’

‘‘सांगितलं असतं तर आईने सगळं बंद केलं असतं. मासा, पॅटी, चुरा, सगळं. पहिलं माझं काम. शिवाय सहा वर्षं खाऊन झालं होतं. आता सांगून कोणाचं भलं होणार होतं?’’

मला राग आला, पण तो नक्की कोणाचा हे ठरवता येईना. माशाचे सोडा. आई सोमवारी आणि गुरुवारी अंघोळ करून, देवाला दिवा लावून, मासा वर्ज्य म्हणून पॅटी खात होती, आठ वर्षे. परवा गुरुवारी मीही तेच केले आणि हा समोर बसून बघत राहिला. ते मी त्याला बोलून दाखवले. तो म्हणाला, की चाळीस वर्षे गप्प बसलेल्या माणसाला एका पॅटीसाठी तोंड उघडणे जमत नाही.

मग त्याने आपली बाजू इतिहासावर न्यायचा प्रयत्न केला. पिठात घोळवून मासा तळण्याची रीत इंग्लंडमध्ये आणली ती स्पेन आणि पोर्तुगालमधून आलेल्या ज्यूंनी, आणि ते तेलातच तळत. त्याला चिप्सची जोड देऊन पहिले दुकान काढले ते लंडनच्या जोसेफ मॅलिनने की लँकशरमधल्या मॉस्लीच्या लीजने, यावर दोन्हीकडचे लोक अजून भांडतात. दोन्ही दावे १८६०च्या आसपासचे आहेत. तेव्हा चरबी ही या उत्तरेकडच्या लोकांची नंतरची भर, मूळ पदार्थ शुद्धच, असा त्याचा युक्तिवाद. मूळ पदार्थ कोणी खाल्ला होता, असे मी विचारले.

आमच्यात खरा वाद झाला तो बाबांवरून. दादाचे म्हणणे, बाबांना ठाऊक होते. इस्पितळात सगळे सहकारी यॉर्कशरचे, कधी तरी कोणी तरी बोललेच असेल. आणि बाबा स्वतः शुक्रवारी मासा आवडीने खायचे, पण चुऱ्याला कधी हात लावायचे नाहीत. मला हा पुरावा पटत नाही. बाबांना अपचन होते. शिवाय ज्या माणसाने भारतातून येताना आईला विमानातल्या प्रत्येक पदार्थात काय आहे ते हवाईसुंदरीला विचारून सांगितले होते, तो माणूस आठ वर्षे असे लपवेल हे मला शक्य वाटत नाही. दादा म्हणाला, ‘‘म्हणूनच तर.’’ बाबा जाऊन अकरा वर्षे झाली. परतीच्या वाटेवर माळ संपेपर्यंत आम्ही बोललो नाही.

एक गोष्ट मात्र मला रात्री अंथरुणात पडल्यावर उमगली आणि ती चरबीपेक्षाही जास्त टोचली. शुक्रवारी ज्या चवीने माझे डोळे भरून आले, जी शोधायला मी इतके पैसे आणि रजा खर्चून आले, ती ना माशाची होती ना बटाट्याची. ती त्या ठोकळ्यांची होती.

सोमवार, १४ मे

दुपारी साडेबाराची गाडी होती. सकाळी दादाने टेलिफोनवर शोधून वनस्पती तेलात तळणारे एक दुकान काढले. अशी दुकाने येथे कमी आहेत, पण आहेत. ते साडेअकराला उघडते, म्हणून आम्ही सव्वाअकरापासून दाराशी उभे होतो. फलकावर तेलाचा उल्लेख ठळक होता. तरी मी आत गेल्यावर पुन्हा विचारले. काउंटरमागच्या मुलीने ‘‘हो, लव्ह, नुसतं तेल,’’ असे सांगितले आणि तिच्या मागे लावलेला डबाही दाखवला. सोमवार होता. मी पॅटी मागितली, ब्रेडकेकमध्ये, ओपन. दादानेही पॅटीच मागितली. कारण मी विचारले नाही.

स्थानकाकडे चालता चालता खाल्ली. बटाटा मऊ होता, सेजचा वास बरोबर होता, पीठ सोनेरी होते. दादाने दोन घास खाऊन माझ्याकडे पाहिले आणि मी त्याच्याकडे. त्याने काही न बोलता उरलेली पॅटी कागदात गुंडाळून कोटाच्या खिशात ठेवली.

गाडी सुटायला दहा मिनिटे असताना आईचा फोन आला. ती ब्याऐंशी वर्षांची आहे, पार्ल्याला राहते आणि मुले प्रवासात असली की वारांचा हिशेब ठेवते.

‘‘सोमवार आहे आज. पॅटी खाल्लीस का गं?’’

‘‘खाल्ली.’’

‘‘दादानेसुद्धा?’’

‘‘त्यानेसुद्धा.’’

‘‘तशीच लागली का? आपल्या दुकानातल्यासारखी?’’

दादा समोरच्या बाकावरून टक लावून माझ्याकडे बघत होता. मी म्हणाले, ‘‘नाही गं. तशी नाही लागली.’’

आई थोडा वेळ काही बोलली नाही. मागे तिच्या स्वयंपाकघरातला पंखा ऐकू येत होता.

‘‘तेल बदललं असेल,’’ ती म्हणाली, आणि विमान किती वाजता पोहोचणार ते तिने विचारले.